आमच्या ह्यांचा फोन

मोबाइलच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘बजेट किती?’ दुसरा, ‘गेमिंग की कॅमेरा?’ फोन वापरणाऱ्याची बोटं कशी आहेत, तो दिवसभर कुठल्या हवेत उभा असतो, आणि मुळात त्याला फोन हवाय का, हे कुणी विचारत नाही. आमच्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. नको होता.

आमचे हे टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कापून सुटे भाग घडवणारे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात सगळी हयात लेथवर गेली. कंपनीतून निवृत्त झाले, पण घरी बसवेना, म्हणून आता एका मित्राच्या शेडमध्ये जॉबवर्क करतात. बोअर, म्हणजे भागातलं भोक, दोन शतांश मिलिमीटर जास्त गेला तर ह्यांना रात्री जेवण जात नाही. अशा माणसाला ‘टेक्नॉलॉजीचं वावडं आहे’ असं आमची मुलगी म्हणते, तेव्हा मला हसू येतं. घरातला मिक्सर, पंखा, पाण्याची मोटार, सगळं ह्यांच्याच हातून दुरुस्त होतं. वावडं आहे ते एवढ्याच एका वस्तूचं.

खिशात बटणांचा फोन. त्यावरचा पाचाचा आकडा कधीच पुसून गेलाय. ‘पाच कुठं असतो ते बोटाला माहीत हाय,’ असं म्हणतात. चार्जिंग रविवारी सकाळी, दाढीच्या वेळी, ते पुढच्या रविवारपर्यंत पुरतं. खाली पडला की तीन तुकडे होतात, मग कव्हर, बॅटरी आणि फोन पुन्हा जोडायचे की चालू. त्यात २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ह्यांच्या बाजूने उभा राहिला. आमच्या भागातली वीज गेली आणि माझा स्मार्टफोन दुसऱ्या दिवशी दुपारीच मान टाकून बसला. रेंज येईल तेव्हा गल्लीतली निम्मी माणसं ह्यांच्या फोनवरून पाव्हण्यारावळ्यांना खुशाली कळवत होती. तेव्हापासून मी विषय काढला की एकच वाक्य: ‘पुरात कुणाचा चालला?’ ह्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

मग अडलं कुठे? अडलं माझं. मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. दिवसभर व्हाउचर, डे-बुक, ठेवींच्या पावत्या. आणि त्यातच माझ्या व्हॉट्सॲपवर पार्ट्यांची, म्हणजे शेडला काम देणाऱ्यांची, ड्रॉइंगं येऊन पडायची, कारण शेडचा मित्र ह्यांच्याहून चार वर्षांनी मोठा आणि त्याच्याकडेही बटणांचाच फोन. समोर खातेदार उभा, आणि फोनवर कोणी शिरोली एमआयडीसीतून सांगतोय, ‘वहिनी, साहेबांना तेवढं सांगा, फ्लँजचं पीसीडी ११० नव्हे, ११५ धरायचंय.’ पीसीडी म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, हे मला पतसंस्थेच्या काउंटरवर बसून कळलं. संध्याकाळी घरी येऊन मी माझा फोन ह्यांच्यापुढे धरायचा, ह्यांनी चष्मा वर करून जुन्या वहीत आकडे उतरवायचे. एकदा असंच उतरवताना ह्यांनी विचारलं, ‘हे तीन हाय का आठ?’ दोघांनाही कळेना. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं, त्यात बारीक आकडे फुटतात. (पार्टीला सांगावं की फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. मूळ फाइल जशीच्या तशी येते. हे मी आता ओळखीच्या प्रत्येक वर्कशॉपवाल्याला सांगत सुटलेय.)

दुसरं निमित्त पेन्शनचं. ह्यांची ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांची, पेन्शन आहे. आकडा सांगण्यासारखा नाही, पण वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावाच लागतो. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं आणि दाखला अंगठ्यावर मिळायला लागला. पण लेथवर जन्म गेलेल्या माणसाला अंगठा असतो कुठे? बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भुग्याने आणि कापताना सोडतात त्या कूलंटने बोटांच्या रेषा घासून गुळगुळीत झालेल्या. रेशनच्या मशीनवर तेच, बँकेत तेच. ‘काका, अंगठा उठत नाही, पुसून पुन्हा लावा.’ हे पुसत राहायचे आणि मागची रांग चुळबुळत राहायची. पुढे चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय झाली. अँड्रॉइड फोन, निदान ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, डोळ्यांची उघडझाप केली की काम झालं. ह्यांनी तो माझ्या फोनवरून दिला, आणि लगेच मुद्दा मांडला, ‘बघ, तुझ्यावर झालं की. मग मला कशाला?’ मुद्दा बिनतोड होता. पेन्शनचं कारण मी तिथेच मागे घेतलं. ड्रॉइंगचं मात्र घेतलं नाही.

मधला मार्ग आम्ही शोधून पाहिला. बटणांचाच फोन, पण व्हॉट्सॲप चालणारा. जिओफोनसारख्या फोनांवर ते चालायचं, पण २०२४ च्या जूनपासून नवीन माणसाला त्यावर व्हॉट्सॲप घेता येईनासं झालं. ती वाट बंद.

तेव्हा बजेट ठरवलं दहा हजारांच्या आत. जास्त का नाही, ह्याचं कारण पैशापेक्षा ह्यांचा स्वभाव. महागाची वस्तू दिली असती तर ती फडक्यात गुंडाळून कपाटात गेली असती. शेडमध्ये न्यायला जीव धजला पाहिजे, इतपतच किंमत हवी.

ह्या किमतीत फोनच्या खोक्यावर जे ठळक छापलेलं असतं ते बहुतेक आमच्या कामाचं नव्हतं. ‘८ जीबी रॅम’ असं मोठ्या अक्षरात, आणि खाली मुंगीच्या पावलांएवढं ‘४ + ४’. म्हणजे खरी चार, उरलेली चार साठवणीच्या जागेतून उसनी घेतलेली. उसनवारीचा वेग खऱ्या रॅमला येत नाही, हे हिशेब बघणाऱ्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. पाठीवर कॅमेऱ्यांचे दोन-तीन गोल, त्यातला एक कामाचा आणि बाकीचे बऱ्याचदा शोभेचे. पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतो म्हणे. होऊ दे. ड्रॉइंग काही सेकंदाला १२० वेळा बदलत नाही. आणि ५जी! ‘मॅडम, आता ४जी कोण घेतंय?’ असं प्रत्येक दुकानात. ५जी दोन तऱ्हेचं असतं, एक स्वतःच्या पायावर उभं, दुसरं ४जीच्या आधाराने चालणारं. जिओचं पहिल्या तऱ्हेचं, एअरटेलने सुरुवात केली ती दुसऱ्या तऱ्हेने. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेला रेडमी ए४ फक्त पहिल्या तऱ्हेचं ५जी पकडायचा, म्हणजे एअरटेलवाल्याच्या हातात तो ४जीच. स्वस्त ५जी फोन घेताना सिम कुठलं आहे ते आधी बघावं. आम्हाला दोन्हीचं सोयरसुतक नव्हतं, कारण शेडला वर पत्रा, आत लोखंड. तिथे ४जीच्या दोन कांड्या दिसल्या तरी दिवाळी.

माझी पहिली अट दुकानदाराला विचित्र वाटली. फोन माझ्याच कंपनीचा हवा. माझ्या कंपनीवर माझं प्रेम आहे अशातला भाग नाही. पण घरात ह्या फोनचं सर्व्हिस सेंटर मीच असणार होते. दुपारी शेडमधून फोन येणार, ‘ते कायतरी आलंय पडद्यावर’, आणि मला न बघता सांगता आलं पाहिजे की खाली डावीकडे तीन रेषा आहेत त्यावर बोट ठेवा. दोन कंपन्यांच्या फोनांत तेच बटण दोन जागी असतं, सेटिंगांची नावंही वेगळी. ज्याला फोन आवडत नाही त्याच्यासाठी निवडताना, मदत करणाऱ्या माणसाच्या हातात कुठला फोन आहे हे बाकी सगळ्याच्या आधी बघावं, असं माझं ठाम मत झालंय. यूट्यूबवरचे फोन पारखणारे ह्याला गुण देत नाहीत.

दुसरी अट अपडेटची. पूर्वी स्वस्त फोनला वर्ष-दोन वर्षं अपडेट आली की कंपनी विसरून जायची. आता थोडं बदललंय. सॅमसंगने २०२५ च्या फेब्रुवारीत दहा हजारांच्या आत सुरू होणारे फोन आणले, त्यांनाही चार वर्षं अपडेट देण्याचं कबूल केलं. ह्यांचा हिशेब मला माहीत होता. हा फोन एकदा आला की तो मरेपर्यंत दुसरा येणार नाही. तेव्हा सुरक्षेची अपडेट जितकी लांब मिळतील तितकी हवीत.

दुकानात हे आले ते माझ्यासाठी नव्हे. राजारामपुरीत चष्म्याची काडी बसवून घ्यायची होती, दुकान वाटेवरच होतं. पोरगा भराभरा कॅमेरे दाखवत होता. ह्यांनी एक फोन उचलला, तळहातावर तोलला, कडेवरून नख फिरवलं, आणि खालच्या बाजूची बारीक भोकं बघत विचारलं, ‘इथं स्पीकर हाय?’ हो म्हणाला. ‘म्हणजे आत मॅग्नेट हाय.’ पोरगा गप्प. ‘आमच्यात बीड कोरडंच मारतात. भुगा काळ्या पिठासारखा उडतोय. सगळा हितं येऊन चिकटणार. चार दिवसांत आवाज बसंल.’ मग चार्जिंगच्या तोंडाकडे बोट: ‘आणि हितं भुगा गेला तर शॉर्ट.’

मी आठवडाभर फोनांचे व्हिडिओ बघत होते. कुठल्याही शहाण्याने हे सांगितलं नव्हतं. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतोच, आणि बिडाचा भुगा म्हणजे लोखंडच. उद्यमनगरातल्या कितीतरी जणांच्या फोनचा आवाज का बसतो ते मला त्या क्षणी कळलं. ह्यांनी फोन हातात धरल्यापासून मिनिटभरात त्याचं जॉबसारखं इन्स्पेक्शन करून टाकलं होतं.

त्यामुळे निवड एकदम सोपी झाली. खोक्यावर ‘आयपी’ लिहून दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे धूळ थोडी आत गेली तरी काम बिघडणार नाही इतपत बंदोबस्त. आयपी ६४ म्हणजे धूळ आत शिरायलाच वाव नाही. दुसरा आकडा ४, म्हणजे शिंतोडे चालतील, बुडवायचा नाही. स्पीकरच्या भोकांवर बाहेरून भुगा चिकटणार तो चिकटणारच, तो जुन्या टूथब्रशने झाडायचा. माझ्या कंपनीचा ६४ वाला एक फोन बजेटात बसत होता. चार्जिंगच्या भोकाला लावायची रबरी बुचं दुकानदाराने शोधून दिली, शिवाय रांगडं जाड कव्हर, ज्यात फोन विटेसारखा दिसतो. ह्यांना ते आवडलं.

एक गोष्ट ह्यांनी स्वतःहून मागितली: रेडिओ. सकाळी आकाशवाणी कोल्हापूर लागल्याशिवाय ह्यांचा चहा खाली उतरत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कंपन्यांना सूचना केली होती की फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद ठेवू नका आणि नसेल तर द्या. तरी तपासूनच घ्यावा. आमच्या फोनमध्ये होता, फक्त इयरफोनची वायर खुपसल्याशिवाय लागत नाही, कारण तीच त्याची एरियल. ‘माझ्या बटणाच्या फोनला वायर लागत न्हाई,’ हे लगेच ऐकवून झालं.

खोकं घरी आलं त्या रात्री मी फोन झाडूनपुसून घेतला. लॉकच्या पडद्यावर नट्यांचे फोटो आणि कुठल्या कुठल्या बातम्या येत होत्या, त्या बंद केल्या. आधीपासून भरलेले खेळ, खरेदीची ॲपं, कर्ज देणारी ॲपं काढली. जी निघेनात ती गाडून टाकली. अक्षरं मोठी केली. पहिल्या पानावर चारच चित्रं ठेवली: व्हॉट्सॲप, कॅमेरा, फोटो, रेडिओ. फोनची भाषा मराठी करू का विचारलं, तर म्हणाले, ‘ड्रॉइंग इंग्रजीतच असतंय. असू दे.’

पैशाचा विषय मी उगाच काढला. बँक ह्या फोनमध्ये नको, ह्यावर आमचं एकमत होतं. ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून माणसं कशी लुबाडली जातात ते पतसंस्थेत बसून रोज कानावर येतं, १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर मी काउंटरवरच चिकटवलाय. पण शेडबाहेरच्या चहावाल्याकडे सुट्ट्यांची रोजची कटकट. म्हणून मी यूपीआय सर्कल समजावलं. खातं माझं, पण दुसऱ्या माणसाला त्यातून ठरावीक रकमेपर्यंत देता येतं, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये, एका वेळी ५,०००. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘म्हणजे ह्या वयात तू मला पॉकेटमनी देणार?’ विषय तिथे मिटला. चहावाल्याकडे आता खातं आहे, शनिवारी रोख चुकतं होतं. सगळ्यांत जुनी पद्धत, आणि तिला रेंज लागत नाही.

टचचं मात्र खरंच अवघड गेलं, आणि त्यात ह्यांच्या हट्टाचा काही संबंध नव्हता. हे पडदे बोटातून जाणाऱ्या अगदी सूक्ष्म विजेवर चालतात. कातडी कोरडी, जाड, घट्टे पडलेली असली की पडद्याला बोट आलंय हे कळतच नाही. कूलंटने ओली असली की नको तिथे कळतं. हे दाबायचे, काही व्हायचं नाही. जोरात दाबायचे, भलतंच उघडायचं. मी सेटिंगात स्पर्श अधिक हळवा केला, वर चिकटवलेली जादा काच काढली, थोडा फरक पडला. शेवटी शंभरेक रुपयांचं टचपेन आणलं. पेन हातात आल्यावर ह्यांची बैठकच बदलली. मार्किंग करायला स्क्राइबर धरतात तसं धरून एकेक चित्र टिपायला लागले. लॉक ठेवलंच नाही. अंगठा उठत नाही, आणि ‘त्यात चोरण्यासारखं हाय काय? ड्रॉइंगं?’

जुना फोन गेलेला नाही. कॉल अजून त्यावरच. २०२४ च्या डिसेंबरात दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना नुसत्या कॉल-एसएमएसचे रिचार्ज ठेवायला लावले, त्यातला एक त्याला मारते. नव्यात घरातलं जादा सिम. दोन रिचार्ज पडतात, ते मी बजेटात धरलेच होते. दहा हजारांत फोन येतो, वर्षभर तो जिवंत ठेवण्याचा खर्च वेगळा, हे घेताना कुणी बोलत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये एक गंमत झाली. देशभरातल्या असंख्य अँड्रॉइड फोनांवर कॉलचा पडदा एकाएकी बदलला, कुणाला काही न विचारता. माझाही बदलला. पतसंस्थेच्या चेअरमनांचा फोन वाजतोय आणि मी उचलायचा कसा ते शोधतेय, वर सरकवतेय, खाली सरकवतेय, आणि पाटावर बसून हे बघतायत. फोन वाजून थांबला. ह्यांनी घास गिळला आणि म्हणाले, ‘माझ्या लेथचं हँडल रात्रीत जागा बदलत न्हाई.’ एवढंच. पण मला वाटतं ह्यांचं सगळं म्हणणं त्यात आलं. चाळीस वर्षं लिव्हर जिथल्या तिथे असतो म्हणून तर हाताला तो न बघता सापडतो. ज्या वस्तूचा मालक आपण आणि किल्ली दुसऱ्या कुणाकडे, तिच्यावर ह्यांचा भरवसा बसत नाही. ह्याला मी तरी मागासलेपण म्हणणार नाही. त्या दिवसापासून ह्यांच्या फोनमधली ॲपं आपोआप अपडेट होणं मी बंद केलंय. सुरक्षेची अपडेट येऊ देते. बाकीचं महिन्यातून एकदा, आधी माझ्या फोनवर काय बदललं ते बघून.

आता ड्रॉइंगं थेट शेडमध्ये येतात. पीसीडीचे फोन मला येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर अधूनमधून चुकल्यासारखं वाटतं. ह्यांनी कॅमेऱ्याचा एक उपयोग स्वतःच शोधला. इन्सर्टचं, म्हणजे धातू कापणाऱ्या पात्याचं, टोक कितपत झिजलंय ते फोटो काढून, दोन बोटांनी नव्हे, पेनच्या दोन टिचक्यांनी मोठं करून बघतात. जावयाने कौतुकाने लेव्हल तपासायचं ॲप पाठवलं होतं. ह्यांनी फोन लेथच्या बेडवर ठेवला, शेजारी स्वतःची स्पिरिट लेव्हल ठेवली, दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं, आणि ॲप काढून टाकलं. काढायचं कसं ते मी शिकवलं नव्हतं.

मागच्या महिन्यात डायल गेजचं एक जुनं मॅग्नेटिक स्टँड घरी आलं. त्याच्या दांडीवर ह्यांनी ॲल्युमिनियमची खोबण बसवली, कव्हरसकट फोन मावेल अशी, आणि पेन अडकवायला बाजूला एक भोक. ते लेथच्या हेडस्टॉकला चिकटतं, ड्रॉइंग डोळ्यासमोर राहतं, फोनला तेलाचा हात लावावा लागत नाही. लाइनीतल्या दोघातिघांनी बघून ऑर्डर दिलीय. दर काय लावायचा, ह्यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. मी जीएसटी धरून सांगते, आणि हे चहावर करून द्यायला निघालेत.